काठीची लांबी कोण ठरवतं?

काठी शिकायला गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एखादा नियम ऐकायला मिळतो. काठी भुवईपर्यंत हवी. नाही, कानापर्यंत. नाही, डोक्याच्या वर चार बोटं हवी. शेजारच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग चालत असेल तर तिथे शरीराचा संबंधच नाही, थेट आकडा: सहा फूट. प्रत्येक जण आपला नियम इतक्या ठामपणे सांगतो की वाटावं, तो काठीबरोबरच जंगलातून तोडून आणला आहे.

माझी उंची १५७ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट दोन इंच. त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच जवळचा. मुली आणि ठेंगण्या मुलांना 'तुला झेपणार नाही' म्हणून काठी कापून द्यायची पद्धत मी एकाहून जास्त वर्गांत पाहिली आहे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ही कापलेली काठी नेमक्या कोणत्या हिशोबाने कापली, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. आणि माझं पीएच.डी.चं काम मोजमापांच्या इतिहासावर असल्यामुळे (फिजिक्समध्ये एम.एस्सी. केल्यावर माणूस असा भरकटू शकतो) 'हे माप कोणी, कधी आणि कशासाठी ठरवलं' हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर आज काठीच्या लांबीचा इतिहास. सगळ्या जगाचा नाही, तो माझ्या आवाक्यात नाही. ज्यांनी लांबी लिहून ठेवली, आणि त्यातही एकाने मोजायची रीत लिहून ठेवली, अशा थोड्या लोकांचा.

सुरुवात इंग्लंडमधून करू, कारण सर्वांत नेटकी रीत तिथे सापडते. १५९९ साली लंडनमध्ये जॉर्ज सिल्व्हर नावाच्या गृहस्थाने 'पॅराडॉक्सेस ऑफ डिफेन्स' हे पुस्तक छापलं. सिल्व्हर हा खानदानी, तलवारबाजीत मुरलेला आणि प्रचंड चिडलेला माणूस होता. राग कशाचा, तर इटलीहून आलेल्या उस्तादांचा. त्यांनी लंडनच्या श्रीमंत पोरांना रेपियर नावाच्या लांबलचक, टोकदार तलवारीचं वेड लावलं होतं. सिल्व्हर आणि त्याचा भाऊ टोबी यांनी त्यांच्यातल्या व्हिन्चेन्त्सो साव्हिओलोला जाहीर आव्हान दिलं होतं, आणि तो आलाच नाही. सिल्व्हर हे रंगवून सांगतो. अर्थात सांगणारा तोच आहे, हे लक्षात ठेवून वाचायचं.

सिल्व्हरचा मुख्य मुद्दा मात्र मोजमापाचा आहे. त्याचं म्हणणं, प्रत्येक हत्याराला त्या-त्या माणसाच्या देहाप्रमाणे एक 'पूर्ण' लांबी असते. त्याहून आखूड हत्यार घेतलं तर तोटा, आणि (इटालियनांना टोला इथे) त्याहून लांब घेतलं तरीही तोटा. मग काठीची पूर्ण लांबी कशी काढायची? ताठ उभे राहा. काठी डाव्या हाताने अंगाजवळ उभी धरा. उजवा हात जितका वर जाईल तितका काठीवर वर न्या. तिथे खूण करा. त्या उंचीवर आणखी तेवढी लांबी वाढवा, जेवढ्यात लढताना तुमचे दोन्ही हात ऐसपैस बसतील. झाली तुमची काठी. सिल्व्हर पुढे सांगतो की हे माप बहुधा आठ किंवा नऊ फूट भरतं.

आठ किंवा नऊ फूट! भुवई नाही, कान नाही, आणि सहा फूट तर नाहीच. यातही तो याला 'शॉर्ट स्टाफ' म्हणजे आखूड काठी म्हणतो. लांब काठी वेगळी, ती त्याहून मोठी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला 'फूट' या शब्दावरच संशय आला. चारशे वर्षांपूर्वीचा फूट आजच्याइतकाच होता कशावरून? पण इथे इंग्लंडच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. एलिझाबेथ राणीच्या खजिन्यातला १५८८ चा प्रमाण यार्ड शिल्लक आहे. तो १८२४ पर्यंत वापरात होता, आणि आजच्या यार्डाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्यामुळे सिल्व्हरचे नऊ फूट म्हणजे आपलेच नऊ फूट.

मग मी त्याची रीत स्वतःवर करून पाहिली. भिंतीला टेप लावला, हात वर केला, मूठ १९५ सेंटीमीटरवर आली. दोन हातांच्या पकडीसाठी साधारण ५० सेंटीमीटर धरले. एकूण २४५. म्हणजे आठ फुटांवर अगदी थोडं. हेच प्रमाण धरून १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा हिशोब केला तर २६१ येतात, साडेआठ फूट. १८० सेंटीमीटरवाल्याचे २७३, म्हणजे नऊ फुटांना किंचित कमी. सिल्व्हरने ढोबळ आकडा म्हणून सांगितलेला 'आठ किंवा नऊ' हा पट्टा सर्वसाधारण उंचीच्या माणसांसाठी किती चपखल आहे पाहा. या माणसाने खरोखर माणसं उभी करून मोजलं असावं, असं मला तरी वाटतं.

आता प्रश्न: इतकी लांब का?

याचं उत्तर पकडीत आहे. आज काठी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मध्यभागी धरलेली, दोन्ही बाजूंनी गरगर फिरणारी काठी. सिल्व्हरची काठी अशी धरायचीच नाही. मागचा हात बुडख्याजवळ, पुढचा हात त्याच्यापुढे दीड-दोन फुटांवर, आणि उरलेली सगळी काठी समोर, टोक शत्रूच्या दिशेने. भाला धरतात तशी. नऊ फुटांतून मागच्या हातामागचा एक फूट आणि हातांमधले दोन वजा करा. सहा फूट काठी तुमच्या पुढच्या मुठीच्या पुढे आहे. आता आपली नेहमीची सहा फुटी काठी घ्या आणि तिचे तीन भाग करून धरा, जसं बहुतेक वर्गांत शिकवतात. पुढच्या मुठीच्या पुढे उरले दोन फूट. सिल्व्हरच्या मते मध्यम उंचीच्या माणसाच्या तलवारीचं पातं एक यार्ड आणि एक इंच, म्हणजे ३७ इंच असावं. तीन फुटांहून जास्त. म्हणजे मध्यभागी धरलेली सहा फुटी काठी ही पल्ल्याच्या दृष्टीने तलवारीपेक्षाही आखूड ठरते!

हा साधा वजाबाकीचा हिशोब आहे, पण यातून एक जुनी गोष्ट एकदम पटण्याजोगी होते. १६२५ साली इंग्रजांनी स्पेनमधल्या कादिझवर हल्ला केला. तो फसला. त्यात डेव्हनमधल्या टॅव्हिस्टॉकचा रिचर्ड पीक नावाचा माणूस पकडला गेला. हेरेझ शहरात सरदारांपुढे त्याला लढायला लावलं. त्याने आपलं देशी हत्यार मागितलं: हॅल्बर्ड नावाच्या परशूसारख्या शस्त्राचं पातं काढून उरलेला दांडा. समोर रेपियर आणि खंजीर घेतलेले तीन स्पॅनिश. पीकने एकाला ठार केलं, उरलेल्या दोघांची हत्यारं पाडली. पुढे स्पेनच्या राजाने त्याला सोडून दिलं आणि परत आल्यावर १६२६ मध्ये त्याने 'थ्री टु वन' नावाची पुस्तिका काढली. आपल्याच पराक्रमाची पुस्तिका, तेव्हा मीठमसाला असणारच. पण सिल्व्हरने पंचवीसएक वर्षं आधी नेमकं हेच लिहून ठेवलं होतं की आखूड काठीवाला एक माणूस रेपियर-खंजीरवाल्या दोघांना भारी पडतो. मुठीपुढे पाच-सहा फूट दांडा असेल तर ते अशक्य वाटत नाही. मध्यभागी धरलेल्या काठीने मात्र मी तरी तीन जणांपुढे उभी राहणार नाही.

बरं, लांब चांगली तर मग बारा फूट का नको? अठरा फुटी भाले तेव्हा रणांगणावर होतेच. इथे सिल्व्हरची बुद्धी दिसते. त्याचा निकष फक्त पोहोचण्याचा नाही, परत येण्याचाही आहे. समोरच्याने तुमचं टोक बाजूला सारलं आणि तो आत घुसायला लागला, तर टोक मागे खेचून पुन्हा त्याच्यासमोर आणता आलं पाहिजे. हे खेचणं तुमच्या हातांच्या आणि पावलाच्या पल्ल्यात बसेल तेवढंच होतं. काठी त्याहून लांब असेल तर तो आत पोहोचला, आणि तुमचं टोक अजून त्याच्या पाठीमागे कुठेतरी लोंबकळतंय. रणांगणात रांगेत उभं असताना हे चालतं, कारण शेजाऱ्याचा भाला तुम्हाला वाचवतो. एकट्याला नाही. म्हणून लांबीची वरची मर्यादा शरीराच्या पल्ल्याशी बांधलेली आहे, आणि म्हणूनच माप घ्यायला हात वर करायचा आहे, डोकं किंवा भुवई मोजायची नाही. हा शेवटचा धागा माझा. सिल्व्हर फक्त रीत सांगतो.

याच उताऱ्यात त्याने एक वाक्य असं लिहिलं आहे की ते मला सगळ्या पुस्तकातलं सर्वांत उपयोगी वाटतं. भावार्थ असा: आठ-नऊ फुटांची काठी सगळ्यांनाच चालून जाते, अगदी मापाची नसली तरी, कारण काठीवर हात सरकवता येतात, मागच्या हातामागे फूटभर काठी जास्त उरली तर काही बिघडत नाही. तलवारीला ही सोय नाही. तिची मूठ एकाच जागी असते, म्हणून ती देहाच्या मापाचीच लागते. काठीच्या बाबतीत चूक फक्त एका बाजूला महाग पडते. थोडी लांब काठी पकड बदलून आखूड करता येते. आखूड काठी कशीही धरली तरी लांब होत नाही.

सिल्व्हर एकटा असता तर मी याला एका तऱ्हेवाईक इंग्रजाचं मत म्हणून सोडून दिलं असतं. १६१७ मध्ये जोसेफ स्वेटनमने आपल्या पुस्तकात क्वार्टरस्टाफ सात-आठ फुटांचा आणि लांब काठी बारा फुटांची सांगितली आहे. म्हणजे थोडी आखूड, पण त्याच घरातली. (हा स्वेटनम म्हणजे १६१५ मध्ये बायकांच्या नावाने बोटं मोडणारी पुस्तिका लिहिणारा तोच. तिला १६१७ मध्ये छापील उत्तर देणारी रेचल स्पेट तेव्हा जेमतेम विशीची होती. काठीशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) तरी दोघेही इंग्रजच. एकाच देशातल्या दोन साक्षी म्हणजे एकाच आळीतली अफवाही असू शकते.

खरी साक्ष अर्ध्या जगाच्या पलीकडे मिळते. साधारण त्याच वर्षांत, १६१० च्या सुमारास, चीनमध्ये चेंग झोंगयू नावाचा श्रीमंत घरातला माणूस शाओलिन मठात दहा वर्षांहून जास्त काळ काठी शिकला आणि मठाच्या काठीविद्येवर सचित्र ग्रंथ लिहिला. त्या मठाच्या काठीचं आपल्याकडे असलेलं हे पहिलं सविस्तर पुस्तक. त्यात लाकडी काठीचं माप दिलं आहे: आठ किंवा साडेआठ 'ची' लांब, वजन अडीच ते तीन 'जिन'.

इथे इंग्लंडसारखा सोपा कारभार नाही. मिंग काळात सुताराचा ची वेगळा, शिंप्याचा वेगळा, जमीन मोजायचा वेगळा. ३१ पासून ३४ सेंटीमीटरपर्यंत काहीही. पण सगळ्यांत लहान ची धरला तरी आठ ची म्हणजे अडीच मीटर होतात. सव्वाआठ फूट. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन माणसांनी, दोन टोकांना, जवळजवळ तेच माप लिहून ठेवलं आहे. योगायोग? मला वाटत नाही. चेंगच्या काठीलाही एक टोक पुढे ठेवून, भाल्यासारखी धरायची पद्धत आहे. पकड सारखी, माणसाचे हात सारखे, म्हणून लांबी सारखी.

वजनाचा आकडा मिळाल्यावर फिजिक्सवाल्याला राहवत नाही. जिन साधारण ५९० ग्रॅमचा धरला तर काठी दीड ते पावणेदोन किलोची. टणक लाकडाची घनता आणि अडीच मीटर लांबी घालून उलटं गणित केलं की जाडी निघते साडेतीन सेंटीमीटरच्या आत-बाहेर. मुठीत नीट बसणारी जाडी. म्हणजे ग्रंथातले आकडे एकमेकांशी जुळतात. कोणीतरी खरी काठी तोलून लिहिले आहेत. जुन्या ग्रंथांत हे नेहमी घडत नाही. कादंबरीतल्या वानरवीराची काठी १३,५०० जिनची असते.

मग आखूड काठ्या आल्या कुठून? त्यांनाही स्वतःचा हिशोब आहे, फक्त तो वेगळा आहे. जपानमधली 'जो' ही काठी ४ शाकू २ सुन १ बु लांबीची, म्हणजे सुमारे १२८ सेंटीमीटर. परंपरा असं सांगते की मुसो गोन्नोसुके हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा योद्धा मियामोतो मुसाशीशी लांब काठीने लढला आणि हरला. मग होमान डोंगरावर साधना करून त्याने ही आखूड काठी घडवली. मुसाशीशी गाठ पडली की नाही हा भाग दंतकथेचा समजू. पण काठीचं काम स्पष्ट आहे: दोन्ही टोकं वापरायची, हात सतत सरकवायचे, तलवारीच्या आत घुसून वार करायचा, क्षणात उलटी करायची. पल्ला सोडून दिला आणि वळणं कमावलं.

वळण्याची किंमत किती, हे सोप्या गणिताने दिसतं. एकाच जाडीच्या, एकाच लाकडाच्या दोन काठ्या घ्या, सहा फुटी आणि आठ फुटी. आठ फुटीचं वजन १.३३ पट. फार नाही. पण मध्यभागी धरून फिरवायला किती जड, हे ठरवणारी राशी म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया. ती लांबीच्या घनाने वाढते. चार तृतीयांशाचा घन म्हणजे २.३७. लांबी एक तृतीयांशाने वाढली आणि फिरवणं अडीच पटींजवळ जड झालं. म्हणून फिरवायची काठी आखूड हवी, यात शंकाच नाही. आपले लाठीवाले भुवईपर्यंतची काठी सांगतात ते चुकीचं सांगत नाहीत. ते फिरवायच्या काठीचं माप सांगतात. चिनी भाषेत तर 'भुवईपर्यंतची काठी' असा स्वतंत्र प्रकारच आहे. घोळ तेव्हा होतो जेव्हा फिरवायच्या काठीचं माप सगळ्या काठ्यांना लावलं जातं, आणि वर 'स्वसंरक्षणासाठी' असं म्हटलं जातं.

आता सहा फुटांकडे. ओकिनावातल्या काठीचं नावच 'रोकुशाकु बो', सहा शाकूंची काठी. जपानने १८९१ च्या वजनमाप कायद्यात शाकू मीटरशी बांधला: एक शाकू म्हणजे १० भागिले ३३ मीटर. सहा शाकू म्हणजे १८१.८ सेंटीमीटर. इंग्रजी सहा फूट म्हणजे १८२.९. दोन्ही इतके जवळ की जगभरच्या दुकानांत ते एकच झाले. माप गोठलं. शरीरं मात्र गोठली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानी सैन्यभरतीतल्या विशीच्या तरुणांची सरासरी उंची सुमारे १५७ सेंटीमीटर होती. आज जपानी पुरुषाची सरासरी १७१ च्या आसपास आहे. त्या पिढीच्या तरुणाच्या हातात सहा शाकूंची काठी डोक्यावर २५ सेंटीमीटर, जवळजवळ वीतभर आणि चार बोटं जायची. आज ती दहा-अकरा सेंटीमीटर वर जाते, आणि 'डोक्याच्या थोडी वर' हा जणू प्राचीन नियम होऊन बसतो. जोचंही तसंच. ती काखेपर्यंत असावी असं आज सांगतात. आजच्या उंचीला ते जुळतं. १५७ सेंटीमीटरच्या माणसाला तीच काठी खांद्यापर्यंत यायची. काठी तीच, नियम नंतर तिच्या मापाने शिवला.

आणि १५७ सेंटीमीटर ही माझीही उंची आहे. म्हणजे सहा फुटी काठी 'झेपणार नाही' असं ज्या शरीराला सांगतात, सरासरी त्याच उंचीची माणसं ती काठी चालवत होती.

माप गोठवणं वाईटच, असं मात्र मला म्हणायचं नाही. माझ्या विषयात उलट उदाहरण रोज भेटतं, तेही काठीचंच. शिवकालात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची ठरवली, हात चौदा तसूंचा, आणि हात-मुठी मिळून काठी ऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, १२० बिघ्यांचा चावर. यात हात आहे, मूठ आहे, पण कोणाचा हात हा प्रश्न तसूंनी मिटवला. मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे काठी बदलली असती तर रयतेच्या शेताचा आकार आणि साऱ्याचा आकडा दोन्ही त्याच्या मर्जीवर गेले असते. तिथे काठी सगळ्यांना सारखी असणं हाच न्याय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर 'दंड' हा शब्दच चार हातांच्या लांबीचं परिमाण म्हणून येतो. काठी ही मोजायची वस्तूही आहे आणि मोजून घ्यायची वस्तूही.

शरीरावर मोजलेलं माप नेहमी शरीराच्या सोयीसाठीच असतं असंही नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याच्या दंडाची लांबी दिली आहे: ब्राह्मणाचा केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड देतात त्याची ही वंशावळ. मोजमाप काटेकोर, देहाप्रमाणे. पण मोजली जाते ती पायरी. लढणाऱ्या क्षत्रियाची काठी अभ्यास करणाऱ्या ब्राह्मणाहून आखूड निघते, यावरूनच कळतं की इथे काठीच्या कामाचा विचार नाही. तेव्हा कोणी 'शास्त्रात नाकापर्यंत सांगितलंय' म्हणालं, तर कोणत्या कामासाठी, एवढं जरूर विचारावं.

इंग्लंडमध्ये काठीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वार्टरस्टाफ हा चिलखत-मुखवटे घालून खेळायचा खेळ झाला; १८८३ मध्ये थॉमस मॅकार्थीने त्याची छोटी पुस्तिका काढली. मग १९०८ मध्ये बेडन-पॉवेलचे स्काउट आले. स्काउटची काठी साधारण साडेपाच फुटांची, आणि तिच्यावर फूट-इंचांच्या खुणा. खंदकाची खोली मोजा, नाल्याची रुंदी मोजा. म्हणजे ज्या देशात माणसाला मोजून काठी कापत होते, त्याच देशात तीनशे वर्षांनी काठी ही पट्टी झाली. मला हा तपशील फार आवडतो, पण काठी लढण्यासाठी उरली नव्हती हेही त्यातून दिसतं.

आजच्या स्पर्धांमध्ये थोडं शहाणपण टिकलं आहे. आंतरराष्ट्रीय वुशूच्या नियमात काठी खेळाडूच्या उंचीपेक्षा आखूड नसावी एवढीच अट असते. खालची मर्यादा, आणि तीही ज्याच्या-त्याच्या शरीराची.

मग विकत घेताना काय करायचं? मी जे करते ते सांगते. वर्गात फिरवण्यासाठी भुवईपासून डोक्यापर्यंत कुठेही चालतं, हलकी असली म्हणजे झालं. जोडीदारासमोर टोक पुढे धरून खेळायचं असेल तर सिल्व्हरची रीत: हात वर, मुठीपर्यंत माप, वर दीड-दोन फूट. हे माप ऐकून दुकानदार हसतो. आठ फुटांची काठी घेऊन एसटीत चढायचं म्हणजे कंडक्टरशी वेगळी लढाई. दहा फूट उंचीच्या छताखाली ती पंख्यात अडकते, म्हणून मैदानच लागतं. सात फुटांवर तडजोड करावी लागली तरी हरकत नाही, पकड मागे घेतली की पल्ला बराच परत मिळतो.

आणि ठेंगण्या मुलीला काठी जड जात असेल तर लांबी कापण्याआधी जाडी पाहावी. वजन जाडीच्या वर्गाने बदलतं. साडेतीन सेंटीमीटरची काठी तीनची केली तर वजन सव्वा टक्के-दोन टक्के नाही, चक्क चौथाईहून जास्त उतरतं. लहान मूठही तिच्यावर नीट बसते, आणि समोरच्या उंच मुलाच्या लांब हातांसमोर जो एकमेव फायदा काठी देते, तो पल्ला शाबूत राहतो. बांबूची असेल तर भरीव, सरळ, पेरं जवळजवळ असलेली बघून घ्यावी. बारीक केलेली काठी फाटते ती बहुधा टोकाशी, म्हणून टोकाला सुतळी गुंडाळून किंवा लोखंडी कडं बसवून घ्यावं.